मागची बाई

"पुन्हा एकच पलंग," असं म्हणून लॉर्नाने पुस्तक टेबलावर आपटलं. बशीतला चमचा उडून खाली पडला.

पॉलीन समोर बसून आल्याचा केक खात होती. तिने वाकून चमचा उचलला, पुसला आणि विचारलं, "या खेपेला कुठे?"

"स्कॉटलंडात. बर्फात गाडी अडकते. गावात एकच खाणावळ, खाणावळीत एकच खोली, खोलीत एकच पलंग. चाळिशीच्या घोड्या आहेत दोघी. एकीने जमिनीवर अंथरूण टाकलं तर काय जीव जाईल?"

"मग पुस्तक तिथेच संपेल की गं."

"संपू दे. त्यांचीही सुटका, माझीही सुटका. आणि त्यातल्या एकीची बेकरी आहे. असणारच. दर दोन पानांनी दालचिनीचा वास. खरं सांगते पॉलीन, आता घरात दालचिनीचा डबा उघडला तरी मला मळमळतं."

"नापास?"

"नापास. तीन गंभीर चुका. लिहून घे."

पॉलीनने केसांत खोचलेली पेन्सिल काढली. गावातल्या बायकांचे केस कापता कापता तिचं आयुष्य गेलं होतं आणि पेन्सिल डोक्यात ठेवायची सवय तिथलीच. गेली अकरा वर्षं या दोघींचा रविवार असाच जायचा. लॉर्ना वाचायची आणि शिव्या द्यायची, पॉलीन ते जरा सोसवेल इतपत करून इंटरनेटवर टाकायची. पुस्तकं एकाच जातीची, बायका-बायकांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या. अशा पुस्तकांवर लिहिणाऱ्या जगात ढिगाने आहेत, पण त्या एकमेकींच्या मैत्रिणी. आज मी तुझ्या पुस्तकाला पाच तारे दिले, उद्या तू माझ्या. सगळ्या जणी सगळ्या पुस्तकांवर रडतात, सगळ्यांना पहाटेपर्यंत जागून वाचावं लागतं आणि सगळ्यांची हृदयं वितळतात. लॉर्नाला या लाडीगोडीची शिसारी होती. ती तारे देत नसे. लॉर्ना ग्रीनवूड सव्वीस वर्षं आर्कडेन गावात ड्रायव्हिंग टेस्ट घेणारी सरकारी परीक्षक होती आणि टेस्टला जो नियम तोच तिने पुस्तकांना लावला होता. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ, एक गंभीर चूक झाली की घरी जा. खाली सही फक्त 'परीक्षक' एवढीच. ही परीक्षक कोण, हे पॉलीनखेरीज फार थोड्यांना ठाऊक होतं. पण लेखिका तिला टरकून असत आणि वाचणाऱ्या बायका तिच्याच शब्दावर पुस्तक घेत.

परीक्षणाच्या डोक्यावर एक ओळ टाकायची पद्धत होती. पुस्तक फुकट मिळालं की विकत घेतलं, आणि लेखिकेशी ओळख आहे की नाही. बाकीच्या ती ओळ कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात लपवत. लॉर्नाची सर्वांत वर असायची, ठळक. प्रत मोफत मिळाली, लेखिकेची ओळख नाही.

"आता हे घे," म्हणून पॉलीनने पिशवीतून एक साध्या पांढऱ्या कव्हरची प्रत काढली. "लीड्समधलं नवं प्रकाशन आहे. टॅमसिन नावाची मुलगी चालवते. तिचं पहिलंच पुस्तक, आणि लेखिकेचंही पहिलंच. आयरिस मॉस, म्हणजे टोपणनाव. शनिवारी दुपारी आपल्याच पुस्तकांच्या दुकानात प्रकाशन आहे. टॅमसिनला तुझं एक वाक्य हवंय, काचेवर लावायला. तू पास केलंस तर पहिली आवृत्ती इथल्या दरीतल्या गावांतच खपेल म्हणाली."

"आणि नापास केलं तर?"

"तर ती बिचारी केक घेऊन परत जाईल."

"बेकरी आहे का यात?"

"मी उघडलंसुद्धा नाही," पॉलीन म्हणाली आणि उरलेला केक तोंडात टाकला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लॉर्ना टेस्ट सेंटरच्या मागे आपल्या गाडीत बसून वाचत होती. पुस्तकावर तिने वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकाचं वेष्टन चढवलं होतं. ही तिची जुनी युक्ती. आर्कडेन म्हणजे असं गाव की दगड मारला तर तो दोन बायका आणि त्यांच्या एका कुत्र्याला लागावा, हे पॉलीनचं वाक्य. पण ऑफिसात लॉर्नाने स्वतःबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. सुरुवातीच्या काळात परक्या बायकांबरोबर बंद गाडीत एकटं बसण्याची नोकरी, आणि कोणी एक तक्रार केली की संपलं, ही भीती खरीच होती. पुढे काळ बदलला, भीतीचं कारण गेलं, सवय तेवढी उरली.

बेकरी होती. सोळाव्या पानावर. लॉर्नाने नाक मुरडलं आणि समासात रेघ मारली. नायिका नेल, पन्नाशीची, दालचिनीवालीला अजून भेटायची होती, कारण आधी तिला घरातून बाहेर पडायचं होतं. घरात मार्था होती. अशा प्रत्येक पुस्तकात एक मागची बाई असते. ती थंड असते, कंजूष असते, नाहीतर बाहेरख्याली असते, म्हणजे नायिकेने तिला सोडलं की वाचणाऱ्याने टाळ्या वाजवायला मोकळं. लॉर्ना एरवी ही पानं भरभर उलटायची. इथली मार्था बँकेत तपासनीस होती. दुसऱ्याच्या गाडीत बसली तरी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची. टोस्टच्या कडा आधी खायची आणि मधला भाग शेवटी, शिक्षा भोगल्यासारखा. अतिशयोक्ती, किरकोळ चूक, असं लॉर्नाने लिहिलं. मग तिची नजर मांडीवरच्या डब्यात गेली. टोस्टच्या कडा संपल्या होत्या, मधले चार चौकोन तेवढे राहिले होते.

तिने डबा बंद केला.

सातव्या प्रकरणात नेलची आई मरते. नोव्हेंबर महिना, टेकडीवरचं प्रार्थनाघर, कबरीपाशी नेल आणि मार्था शेजारी शेजारी उभ्या. नेलच्या कोटाच्या खिशात दोघींचे हात एकमेकींत. तेवढ्यात फाटकातून मार्थाचा साहेब आणि त्याची बायको आत येतात. मार्था खिशातून हात काढून घेते. दोन पावलं बाजूला सरकते. साहेब जवळ आल्यावर तोच हात नेलसमोर धरते आणि म्हणते, 'मिस हार्डी, फार वाईट झालं. तुमच्या आईंना मी एकदा भेटले होते.'

लॉर्नाने ते वाक्य तीनदा वाचलं. मग गाडीचं दार उघडून बाहेर तोंड काढलं. गार हवा लागल्यावर दार पुन्हा ओढून घेतलं.

हार्डी नव्हे, सटक्लिफ. मिस सटक्लिफ, फार वाईट झालं. साल दोन हजार एक. हे वाक्य आठवणीत ठेवणाऱ्या जगात दोघीच होत्या. एक लॉर्ना, आणि दुसरी ग्लेनिस सटक्लिफ, जी चोवीस वर्षं एका छताखाली राहून सहा वर्षांपूर्वी एक सूटकेस आणि चांगली किटली घेऊन निघून गेली होती आणि आता नदीकाठी रॉझ नावाच्या कुंभारणीबरोबर राहत होती. किळस आली लॉर्नाला. ग्लेनिसची आली, तिने आपल्या आईची मयतसुद्धा बाजारात मांडली म्हणून. पुस्तकाची आली, कारण मयतीनंतर तिसऱ्याच पानावर नेल बेकरीत शिरते. आणि ज्या हाताने पुस्तक धरलं होतं त्या स्वतःच्या हाताची तर एवढी आली की तिने तो स्कर्टला पुसला.

काचेवर टकटक झाली. डेरेक, तिचा सहकारी. "लॉर्ना, तुझी दीडची आलीय. बरी आहेस ना? पांढरी पडलीयस."

"चीज खराब होतं," लॉर्ना म्हणाली आणि टेस्ट घ्यायला गेली.

संध्याकाळी ती तडक पॉलीनच्या दुकानात शिरली. पॉलीन फरशीवरचे केस झाडत होती. लॉर्नाने तिच्यापुढे सातवं प्रकरण उघडून धरलं. पॉलीन केस वाळवायच्या खुर्चीत बसून वाचत गेली आणि वाचता वाचता तिच्या हातातला झाडू निसटला.

"बाई गं," ती म्हणाली. "ही ग्लेनिस आहे."

"तुला माहीत होतं?"

"आईशपथ नाही. आणि त्या टॅमसिनला तरी कुठून कळणार? तिच्यासाठी तू नुसती परीक्षक. यादीत पहिलं नाव तुझं, तिने पहिली प्रत तुला धाडली."

"नापास करणार मी. असं नापास करणार की परत पेन हातात धरायची नाही ती."

"कर. पण चूक काय लिहू?"

"खोटं आहे म्हणून लिही."

पॉलीनने चष्मा काढला. "खोटं आहे?"

लॉर्ना आरशासमोरचे कंगवे लहानमोठे लावत बसली.

"मी होते त्या मयतीला," पॉलीन हळूच म्हणाली. "तू लांब उभी होतीस. मला वाटलं दोघींचं भांडण झालंय. अगं, परत पाठवून दे ना पुस्तक. वेळ नाही म्हणून कळव."

"म्हणजे तिला वाटेल घाबरले."

"घाबरलीच आहेस की."

"पास केलं तर मीच माझ्या थोबाडीत मारल्यासारखं होणार. नापास केलं तर मी खोटारडी. अकरा वर्षांत एक खोटा शब्द नाही लिहिला गं मी. लोकांनी दुसरं काय घेतलंय माझ्याकडून? तेवढंच तर घेतलंय."

पॉलीनने झाडू उचलला.

बुधवारी सहाच्या सुमाराला लॉर्ना बटाटे सोलत असताना फोन वाजला. सहा वर्षांनी तो आवाज कानावर पडला, तरी पहिल्या श्वासातच तिने ओळखला.

"टॅमसिनने प्रत तुला पाठवली, मला आज कळलं," ग्लेनिस म्हणाली. "वाचू नकोस."

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं. दालचिनी चार वेळा आलीय."

"चार?"

"चार. आणि शेवटी ती बेकरीवाली आगीतून मांजर काढते, ते मांजर आधी कुठेच नव्हतं."

"ते टॅमसिनने घालायला लावलं." ग्लेनिस जराशी हसली आणि लगेच थांबली. "हे बघ लॉर्ना, तू लिहू नकोस. मला तुझे गुण नकोत. चोवीस वर्षं तुझे गुण मोजत जगले मी. भाजीत मीठ किती, आवाज किती, दार किती जोरात लावलं. पुरे झालं."

"मयत कशाला घातलीस?"

"कारण ती झाली."

"साहेब आला होता म्हणून... हेस्केथ आला होता. त्याने पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती, ते का नाही लिहिलंस? तुझ्या पुस्तकात मी अशीच, दगड."

"लिहिलं होतं," ग्लेनिस म्हणाली.

लॉर्नाने बटाटा खाली ठेवला.

"दीड पान लिहिलं होतं. त्या मयतीनंतर तू दर रविवारी गाडी धुवायला जाते म्हणून बादली आणि ब्रश घेऊन जायचीस. मी एकदा बसमधून तुला पाहिलं. टेकडीवर, आईच्या कबरीच्या दगडावरचं शेवाळ घासत होतीस. गुडघे टेकून. वर्षभर जात होतीस तू. मी कधी बोलले नाही, तूही नाही. ते सगळं लिहिलं होतं मी. आख्ख्या पुस्तकात तेवढंच मला चांगलं जमलं होतं."

"मग?"

"टॅमसिनने काढलं. म्हणाली, इथे वाचणारीला मार्थाची कीव येते आणि मग नेलने तिला सोडलं हे पाप वाटायला लागतं. मी भांडले तिच्याशी. तर तिने एक जुनं परीक्षण छापून माझ्यापुढे ठेवलं. मला पाठ झालंय ते. मागच्या बाईला जागा देऊ नये, तिची दया आली की पुढचं प्रेम पचत नाही, असली पानं कात्रीने उडवावीत." ग्लेनिस थांबली. "खाली सही, परीक्षक. तुझंच ना ते?"

"माझंच," लॉर्ना म्हणाली. कोणत्या पुस्तकावर लिहिलं होतं तेही तिला आठवलं. ग्लेनिस गेली त्याच वर्षीचं होतं. तेव्हा तिला सगळ्याच मागच्या बायकांचा संताप यायचा.

फोनवर मागे कुठेतरी रॉझ भांडी लावत होती.

"ती पानं आहेत माझ्याकडे," ग्लेनिस म्हणाली. "पाठवू तुला?"

लॉर्नाला ती हवी होती.

"नको," ती म्हणाली. "पुस्तकात जे नाही त्याला कुठून धरणार मी? टेस्टच्या आदल्या दिवशी छान चालवली म्हणून कोणाला पास करत नाही आपण."

"तू बदलली नाहीस."

"नाही. शनिवारी तू दुकानात येणार? टोपणनाव आहे ना?"

"मीच बसणार आहे खुर्चीत. पोस्टमनपासून सगळे ओळखतात मला, लपवायचं कोणापासून? ते नाव आईचं होतं, माहेरचं, म्हणून घेतलं."

"बरं," लॉर्ना म्हणाली आणि फोन ठेवला. अर्धवट सोललेले बटाटे काळे पडले होते. ते टाकून देऊन तिने नवे घेतले.

गुरुवारी पॉलीनच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉर्नाने ते स्वतःच टाइप केलं. नेहमीच्या सवयीने हात गेला, प्रत मोफत मिळाली, लेखिकेची ओळख नाही. मग तिने दुसरा तुकडा खोडला आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं. 'लेखिकेबरोबर मी चोवीस वर्षं संसार केला. सातव्या प्रकरणातली मार्था मी आहे. तिथे लिहिलंय ते तसंच घडलं, हात मीच काढून घेतला. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं आणि माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.' खाली किरकोळ चुका अकरा. दालचिनी चार, मांजर एक, बाकीच्या इकडच्या तिकडच्या. शेवटी लिहिलं, 'उत्तरार्ध गुळचट आहे, मला खाली ठेवावासा वाटला. सातवं प्रकरण खरं आहे आणि तेवढ्यासाठी पुस्तक घ्यावं. निकाल, पास.'

पॉलीन खांद्यावरून वाचत होती. तिने नाक ओढलं. "खाली परीक्षक टाकू?"

"माझं नाव टाक. पूर्ण."

"ऑफिसात वाचतील."

"वाचू देत."

"आणि ते जुनं, कात्रीवालं परीक्षण काढून टाकू का? कोणाला कळणार नाही."

"राहू दे. लिहिलं होतं ना मी?"

तासाभरात कोणीतरी खाली लिहिलं की त्या मार्थाला कोणीतरी मुस्काटात द्यायला हवी होती. वरची ओळ तिने वाचलीच नव्हती. मग सगळ्यांनी वाचली. एरवी गुलाबी हृदयांची आणि रडक्या चेहऱ्यांची रांग लागायची, ती लागली नाही. संध्याकाळपर्यंत त्या एका ओळीखालची जागा कोरीच राहिली. पॉलीन दर दहा मिनिटांनी बघत होती. लॉर्नाने एकदाही विचारलं नाही.

शुक्रवारी डेरेकने तिला चहा करून दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. कारण त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

शनिवारी बाराची टेस्ट मिस्टर शॉ म्हणून एका भाजीवाल्याची होती. पन्नाशीचा माणूस, दोनदा नापास झालेला, हात घामाने ओले. ठरलेल्या रस्त्यात बाजारपेठ होती, आणि बाजारपेठेत पुस्तकांचं दुकान. ठरलेला रस्ता स्वतःच्या सोयीने बदलायची परीक्षकाला मुभा नसते. काचेमागे पांढऱ्या पुस्तकांची उतरंड होती आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तिचं वाक्य. 'सातवं प्रकरण खरं आहे.' खाली लॉर्ना ग्रीनवूड. टॅमसिनने 'गुळचट' अर्थातच गाळलं होतं.

दुकानासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर पलीकडून दोघी रस्त्यात उतरल्या. रॉझच्या हातात केकचा मोठा ट्रे होता आणि ग्लेनिसने तिचा दंड धरला होता, भर बाजारात, शनिवारच्या गर्दीत. मिस्टर शॉने वेळेवर ब्रेक दाबला. गाडी नीट थांबली.

रस्त्याच्या मध्यावर ग्लेनिसने काचेतून आत पाहिलं. तिची पावलं अडखळली. मग रस्ता ओलांडणारे लोक थांबलेल्या गाडीला करतात तसा तिने हात वर केला. लॉर्नाने मांडीवरच्या, चुका टिपायच्या टॅबलेटवरचा हात उचलला आणि वर धरला, ती पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत तसाच.

"ओळखीच्या का, मॅडम?" मिस्टर शॉने विचारलं.

टेस्ट चालू असताना लोक घाबरून काहीबाही विचारतात. सव्वीस वर्षं लॉर्नाने अशा प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त पुढचं वळण सांगितलं होतं.

"माझी बायको होती," ती म्हणाली. "पुढच्या चौकात डावीकडे घ्या."

"बरं," मिस्टर शॉ म्हणाला. त्याने आधी आरशात पाहिलं, मग खांद्यावरून मागे, आणि डावा दिवा लावला.